दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचा पेशंट जाईल कुठे? वर्ध्यातल्या व्यसन उपचारातल्या अडचणी समजून घ्या

वर्धा : पोळा आठ दिवसांवर आला की कितीतरी घरांत एकच विषय निघतो. "औंदा सणाले तरी याले प्यायले भेटली नाही पायजे." मग भाऊ, मेहुणे मिळून त्या माणसाला घरात बसवतात. पैसे काढून घेतात, बाहेरून कडी लावतात. पहिल्या दिवशी त्याचे हात कापतात, घाम फुटतो, उलट्या होतात. दुसऱ्या दिवशी झटका येतो. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडतो, घरच्यांना ओळखत नाही. कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, कोणी देवऋषी आणायला निघतं. दवाखान्याचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, तोवर कधी कधी उशीर झालेला असतो.

हा प्रसंग जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात घडू शकतो. घरच्यांचा हेतू चांगलाच असतो. पण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडणं हे घरी करायचं काम नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. आपल्या जिल्ह्यात दारू पकडल्याच्या बातम्या रोज येतात. दारूने आजारी पडलेल्या माणसाला कुठे न्यायचं, याची माहिती मात्र गावापर्यंत पोहोचत नाही.

बंदी आहे, मग रुग्ण कुठून आले?

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार या जिल्ह्यात, म्हणून ही बंदी आली. तरी मोहाची गावठी दारू, हातभट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातून येणारी बाटली गावात मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. पोलीस 'वॉश आऊट' मोहीम राबवतात, मोहाचा सडवा ओततात, मुद्देमाल जप्त करतात. महिला मंडळं भट्ट्या फोडतात. हे काम गरजेचंच आहे, कारण दारू जितकी सहज मिळते तितके पिणारे वाढतात.

पण ज्याला दारूची सवय जडून दहा-पंधरा वर्षं झाली, त्याची तलफ भट्टी फुटल्याने थांबत नाही. तो दुसऱ्या गावात जातो, जास्त पैसे देतो, नाहीतर मिळेल ते पितो. चोरट्या दारूत काय मिसळलंय हे कोणी तपासत नाही. तिच्यात मिथेनॉल असलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. मुंबईत मालवणी भागात २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली होती, त्यात बहुतेक मजूर होते.

बंदीच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. विनापरवाना दारू पिणं हा इथे गुन्हा आहे. त्यामुळे पिणारा माणूस आधी गुन्हेगार ठरतो, रुग्ण नंतर. "डॉक्टरले सांगतलं तं पोलीस येतीन" ही भीती गावात खरोखर असते. म्हणून पोटदुखी, अशक्तपणा, काविळीसाठी माणूस दवाखान्यात जातो, पण किती पितो हे सांगत नाही. डॉक्टरही गर्दीत विचारत नाहीत. सलाईन लावून तो घरी येतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

गांधीजींनी १९४१ साली रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली. तिच्यात दारूबंदी आहेच. पण नुसत्या कायद्यावर त्यांनी भरवसा ठेवला नव्हता. व्यसनी माणसाला दारूपासून सोडवण्याचे उपाय डॉक्टरांनी शोधावेत, थकल्या मजुराला बसायला, खायला आणि खेळायला जागा असावी, असंही त्यांनी त्यात मांडलं होतं. दारूबंदीचा अर्धा भाग आपण घेतला, उपचाराचा अर्धा मागे राहिला.

३८ पैकी एकालाच उपचार

ही अवस्था फक्त वर्ध्याची नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक.

म्हणजे गावात असे ३८ जण असतील तर ३७ जण आपल्या आपणच झगडत आहेत. त्यांच्या बायका, आई-वडील आणि लेकरंही त्यांच्यासोबत झगडत आहेत.

दारू एकदम तोडली तर काय होतं?

रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. दारू मेंदूला मंद करते. मेंदू त्याविरुद्ध जोर लावून चालत राहतो. दारू अचानक बंद झाली की तो जोर तसाच राहतो आणि शरीर बिथरतं.

हे साधारण असं घडतं :

- पहिल्या काही तासांत ते एका दिवसात : हात कापणं, घाम, छातीत धडधड, उलटी, झोप न लागणं.
- पहिल्या दोन दिवसांत : मिरगीसारखा झटका येऊ शकतो.
- दोन ते चार दिवसांत : ताप, बडबड, भास, साप-किडे दिसणं, माणसं न ओळखणं.

शेवटची अवस्था सगळ्यांनाच येत नाही. पण आली तर ती जिवावर बेतते. त्याला बाहेरची बाधा समजू नये, १०८ वर फोन करून ताबडतोब दवाखान्यात न्यावं. दवाखान्यात झटका आणि भास रोखणाऱ्या गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करतात. ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, कारण दारूमुळे ते शरीरात उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बहुतेकांचा हा त्रास आठवड्याभरात आटोक्यात येतो.

ज्याला पूर्वी कधी झटका आला आहे, जो वयस्कर आहे, ज्याला लिव्हरचा किंवा शुगरचा आजार आहे, ज्याचं जेवण सुटलं आहे, त्याची दारू घरी तोडूच नये.

पहिली अडचण : दवाखाना दूर, मजुरी बुडते

वर्ध्याच्या लोकांना एक गोष्ट बरी आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, अशी मेडिकल कॉलेजची दोन मोठी रुग्णालयं जिल्ह्यात आहेत आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. इतके मोठे दवाखाने अनेक जिल्ह्यांत नाहीत.

पण हे तिन्ही वर्धा शहरात किंवा शहराला लागून आहेत. आष्टी, कारंजा, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या आतल्या गावाहून यायचं तर एसटी बदलावी लागते. सकाळी निघालेला माणूस ओपीडीची वेळ गाठेलच असं नाही. सोबत घरचं एक माणूस लागतं. म्हणजे दोघांची मजुरी बुडते, भाडं वेगळं. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा दाखवायला दर पंधरा दिवसांनी, महिन्याने जावं लागतं. निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हे जमत नाही. भूमिहीन मजुराच्या घरात तर एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवशीची चूल.

त्यात दारूच्या माणसाचं मन क्षणात बदलतं. रात्री भांडण झालं, सकाळी तो रडून म्हणतो, "चाल, आज सोडतो." हीच खरी वेळ. पण गाडी नाही, पैसे नाहीत, डॉक्टर मंगळवारी भेटतात, असं कळतं. मंगळवारपर्यंत ते मन राहत नाही.

दुसरी अडचण : लाज

शुगर झाली तर माणूस चारचौघांत सांगतो. दारूची गोळी सुरू आहे हे कोणी सांगत नाही. "तो पेशंट हाय का? बेवडा हाय," हे गावाचं मत. पोरगी लग्नाची असेल तर घरचे अजून लपवतात.

वैद्यकशास्त्र याला आजार मानतं. हा आजार सगळ्यांना होत नाही. दहा जणांनी पिणं सुरू केलं तर एखाद्या-दोघांचं सुटत नाही. घराण्यात असणं, लहान वयात सुरुवात होणं, डोक्यावर कर्ज, मनातली उदासी, रात्रीची झोप नसणं, अंगमेहनतीचं दुखणं, अशी कारणं त्यामागे असतात. वर्धा हा शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधान पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. अशा ठिकाणी दारू आणि उदासी वेगळी काढता येत नाही. उदास माणूस पितो आणि पिण्याने उदासी वाढते. नुसती दारू तोडली आणि मनाचा आजार पाहिला नाही तर धोका तसाच राहतो. दारू पिणारा माणूस जिवाचं काही बरंवाईट करीन म्हणाला तर "पिऊन बोलते" म्हणून सोडून देऊ नये. घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवावं आणि त्याला एकटं सोडू नये.

बायकांचं तर नावच निघत नाही. पुरुषांच्या तुलनेत पिणाऱ्या बायका कमी आहेत, पण आहेत. बदनामीच्या भीतीने त्या अगदी शेवटी दवाखान्यात येतात. बहुतेक केंद्रं पुरुषांसाठीच आहेत. पुण्याच्या मुक्तांगणने बायकांसाठी 'निशिगंध' नावाचं वेगळं केंद्र काढलं, पण वर्ध्याच्या खेड्यातल्या बाईला पुणे कुठे परवडणार?

आणि जी बाई पीत नाही, जिचा नवरा पितो, तिलाही उपचाराची गरज असते. मार, शिव्या, कर्जाची चिंता आणि पोरांची भीती यांनी तीही आजारी पडते. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइन नंबर आहे, अंगावर बेतलं असेल तर ११२. नवऱ्याचा उपचार सुरू आहे म्हणून मार सहन करावा, असा काही नियम नाही.

तिसरी अडचण : सुट्टी झाली, पुढे काय?

आठ-दहा दिवस भरती राहून माणूस घरी येतो. चेहरा उजळलेला असतो, भूक लागते. घरच्यांना वाटतं, झालं. खरं तर दवाखान्यात झालं ते काम लहान होतं, पुढचं वर्ष अवघड असतं.

कापसाचा चुकारा हातात येतो. मांडवात जुने दोस्त भेटतात. पोळा येतो, होळी येते. ट्रॅक्टरवर कामाला गेलं तर संध्याकाळी मजुरीसोबत पन्नी मिळते. घरी बायको रोज तोंडाचा वास घेते आणि गाव म्हणतं, "पाहू किती दिस टिकते." यात एखाद्या दिवशी पाय घसरतो. मग सगळे म्हणतात, पैसे वाया गेले.

पुन्हा पिणं हा या आजारात अनेकांच्या वाट्याला येणारा टप्पा आहे. शुगर वाढली तर आपण डॉक्टरकडे परत जातो, तसंच इथे दुसऱ्या दिवशीच परत जायचं असतं. त्यासाठी कोणीतरी फोन करून विचारणारं हवं, घरी येणारं हवं, गावाजवळ गोळी मिळायला हवी. नेमकी ही कडी आपल्याकडे कच्ची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात डॉक्टर, समुपदेशक आणि समाजसेवक असं पथक अपेक्षित आहे, पण आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात एक पथक प्रत्येक घरी पोहोचू शकत नाही.

चोरून दिलेली गोळी आणि कुलपातली केंद्रं

सोय जवळ नसली की लोक दुसरा रस्ता धरतात. पहिला रस्ता म्हणजे भाजीत चोरून टाकायची पुडी. 'न कळत दारू सोडवा' अशी जाहिरात मोबाईलवर येते. डायसल्फिराम नावाची गोळी दारू सोडण्यासाठी डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, तपासण्या करून. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावर येऊ शकतं. ज्याला गोळी दिली हे माहीतच नाही, तो पिणारच. म्हणजे पुडी देणारी माउली नकळत त्याचा जीव धोक्यात घालते. नाव नसलेल्या पुडीत काय असतं हे तर कोणालाच माहीत नसतं.

दुसरा रस्ता म्हणजे 'उचलून नेणारं' केंद्र. गाडी येते, चार जण माणसाला धरून नेतात, महिन्याचे पैसे आधी घेतात आणि घरच्यांना भेटू देत नाहीत. अशा ठिकाणी टाकण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : नोंदणी आहे का, एमबीबीएस किंवा मानसोपचार डॉक्टर रोज येतात का, भेटू आणि फोन करू देता का. एकाचंही उत्तर नाही असेल तर तिथे माणूस ठेवू नये.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक आजारही धरले आहेत. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात.

- दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या ठिकाणी उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. बीपीएल कार्ड असो वा नसो. बेघर आणि निराधारांनाही हा हक्क आहे.
- रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दारूसाठी उपचार घेतला म्हणून लाजायचं किंवा घाबरायचं कारण नाही.
- रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे.
- उपचार देणाऱ्या संस्थेची नोंदणी सक्तीची आहे.

गांजा किंवा इतर नशेच्या बाबतीत, थोड्या प्रमाणात स्वतःसाठी बाळगल्याचा गुन्हा असलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे. विकणाऱ्याला ही सूट नाही.

गडचिरोलीने काय केलं?

गडचिरोलीतही १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान सुरू झालं. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभं केलं. त्यात गावाने दारू बंद करायची आणि त्याच वेळी पिणाऱ्यांवर उपचारही करायचे, अशी दोन्ही कामं जोडली. तालुक्याच्या गावी ठरलेल्या दिवशी क्लिनिक आणि गावातच उपचार शिबिर, अशी पद्धत ठेवली. माणसाने शहरात जाण्याऐवजी उपचार त्याच्याजवळ आणले. गडचिरोलीची गावं वर्ध्याच्या गावांपेक्षा कितीतरी दूरदूर आहेत. तिथे हे होऊ शकतं, तर आर्वी आणि हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस व्यसन उपचारासाठी ठेवण्याची मागणी काही मोठी नाही.

गाव काय करू शकतं?

ग्रामसभेत हा विषय घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात व्यसन उपचाराचा ठरलेला दिवस आणि औषधं मिळावीत, असा ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेकडे पाठवा. आशाताईंना या आजाराची माहिती द्या. त्यांना घर माहीत असतं आणि त्यांच्यासमोर बाई बोलते.

महिला मंडळाने भट्टी फोडली की त्याच आठवड्यात गावातल्या रोज पिणाऱ्यांना एकत्र दवाखान्यात नेण्याची सोय करावी. कारण गावातली दारू अचानक बंद झाली तर कोणाकोणाला झटके येऊ शकतात. पाच-सहा जण मिळून गेले तर गाडीभाडं वाटून घेता येतं आणि लाजही कमी होते.

दारू सोडलेला माणूस गावात असेल तर त्याला पुढे करा. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या गटाच्या सभांत सोडलेले लोकच एकमेकांना धरून ठेवतात. फी नसते, नाव जाहीर होत नाही.

फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. दोन्ही फुकट आहेत. रुग्ण यायला तयार नसेल तरी घरच्यांनी फोन करावा, काय बोलायचं आणि कसं बोलायचं ते सांगतात.

पिणाऱ्याशी बोलायचं तर सकाळी, तो शुद्धीत असताना बोला. पोरांसमोर अपमान करू नका. "तू असा, तू तसा" म्हणण्यापेक्षा "मले तुयी काळजी वाटते, उद्या दवाखान्यात जाऊ, मी संग येतो" एवढंच म्हणा. आणि तो हो म्हणाला तर पोळ्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा.